हाडानं धरलं

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. म्हणाले, "छान. हाडानं सांधा धरलाय."

भांडणात दिरानं जिन्यावरून ढकललं, तेव्हा माझा खुबा मोडला होता. नवा सांधा धातूचा आहे, त्यावर हाडातल्याच क्षाराचा खरखरीत लेप. गुळगुळीत धातूवर हाडाच्या पेशी नीट रुजत नाहीत म्हणे. खरखरीत लेपाला त्या चिकटतात, वाढतात आणि हळूहळू त्यांचंच हाड होतं.

बाहेर बाकावर दीर पेढे घेऊन बसला होता. "वहिनी, झालं गेलं मनात धरू नका." किती गुळगुळीत बोलणं. माझ्यात ते रुजलंच नाही. त्याचा खरखरीत तळवा मात्र पाठीला अजून जाणवतो. त्याला चिकटून आत काहीतरी वाढलंय, कठीण झालंय.

"धरलंय, भाऊजी," मी म्हटलं. "पोलीस चौकीच्या पायऱ्या आता मला चढता येतील."