मामाचा घसा आणि बँडमधला फ्रीज

माझा मामा फ्रीज दुरुस्त करतो. लोकांचे. घरातला स्वतःचा फ्रीज मात्र असा घरघरतो, की पाहुण्यांना वाटतं आत कोणीतरी पोटभर जेवून झोपलंय. मामी म्हणते, "अहो, द्या की तो भंगारात." मामा म्हणतो, "अगं, तो बँडमधला आहे."

आता हे खरं आहे. लग्नाआधी मामाचा मेटल बँड होता. नाव 'गंज'. मामा गायचा, म्हणजे गुरगुरायचा. गिटारवर त्याचा मित्र, जो आता दातांचा डॉक्टर आहे. ड्रमवर खांब्या. त्याच्याबद्दल मामा एवढंच सांगतो, की तो ठोकायचा जोरात, पण कुठे ठोकतोय याची त्याला फारशी पर्वा नसायची.

त्यांनी पहिला डेमो मामाच्या दुकानातच केला, साध्या टेपरेकॉर्डरवर. गिटार सुरात लावायला कोणाकडेच काही नव्हतं. कोपऱ्यात हाच फ्रीज, कुणा गिऱ्हाइकाने कधीच न नेलेला, घरघरत होता. त्यांनी गिटारची सगळ्यात जाड तार त्या घरघरीला जुळवली. मामानेही तोच सूर धरला आणि घसा सोडला. मामा मला अजून सांगतो, "अगं, काय आवाज लागला होता! समोरचा शिंपी मशीन बंद करून बाहेर आला." पुढे अल्बम निघाला तो चकाचक स्टुडिओत. तिथे काचेच्या खोलीत चिडीचूप. फ्रीज नाही, घरघर नाही. त्या अल्बममध्ये मामा म्हणजे दाढ उपटताना भूल उतरलेला पेशंट. घरातल्या प्रत्येक समारंभात मी त्याची नक्कल करते. "आआऽघ्र्र्र... गंजूऽन जाऽऽईन!" मावशीला हसून ठसका लागतो. न खपलेल्या अल्बमची खोकी अजून पलंगाखाली आहेत. मामी त्यांना 'तुमच्या मामाची इस्टेट' म्हणते.

मामीनेही मामाला ऐकलंय ते त्या अल्बमवरच. डेमोची एकुलती एक कॅसेट डॉक्टरने हरवली होती. ती परवा त्याच्या दवाखान्यात कवळ्यांच्या साच्यांमागे सापडली आणि त्याने मामाला न ऐकवताच रेडिओवाल्यांना पाठवून दिली. रविवारी जुन्या बँडच्या कार्यक्रमात लागणार! मामा तरंगतच घरी आला.

"ऐकशील तेव्हा कळेल, तुझं लग्न कुणाशी झालंय ते."

"बरं," मामी म्हणाली. "आवडलं तर फ्रीज राहील. नाहीतर भंगारवाला रविवारीच येईल. मी सांगून ठेवते."

मामा हो म्हणून बसला. गुर्मी, दुसरं काय.

रविवारी स्वयंपाकघरातच रेडिओ लावला. गाणं नीट ऐकू यावं म्हणून मामीने आधी फ्रीजचं बटण बंद केलं. निवेदक मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाला, "तर रसिकहो, काळाच्या पडद्याआडून खास तुमच्यासाठीऽऽ..." आणि गाणं सुरू झालं. गिटार आली. खांब्या आला. मामा आला.

आणि तो पुन्हा दाढ उपटून घेणारा पेशंटच होता.

मामी माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे. कारण बघितलं असतं तर फुटलोच असतो. मामा मात्र रेडिओला कान लावून पुटपुटत होता, "घरघर कुठंय? अरे, माझी घरघर कुठंय?"

तेवढ्यात फोन. डॉक्टर.

"ऐकतोयस ना लेका? कॉम्प्युटरवर बसवून पार घासून काढली! मागे ती घाण घूंऽ घूंऽ होती ना, समूळ उपटली!"

"अरे, तिच्यावरच तर उभा होतो मी!" मामा ओरडला. "गाण्याचे दात पाडून ठेवलेस तू!" आणि फोन ठेवून तो स्टुलावर बसला. हवा गेलेल्या फुग्यासारखा. रेडिओत त्याचं तरुण भूत एकटंच केकाटत होतं. आता मलाही हसू येईना.

मामी उठली. मला वाटलं, रेडिओ बंद करते. पण तिने फ्रीजचं बटण चालू केलं.

फ्रीज खोकला, थरथरला, आणि त्याने सूर धरला. घूंऽऽऽ. तीच गिटार एकदम भरून आली, आणि रेडिओतला तो पेशंट बघता बघता असा काही डरकाळला, की ओट्यावरची झाकणं वाजायला लागली. स्टुलावरचा मामा कधी उभा राहिला कळलंच नाही. डोळे मिटून, मुठी आवळून, लुंगी सांभाळत तो स्वतःच्याच आवाजात आवाज मिसळून गुरगुरत होता. माझ्या अंगावर काटा आला. आणि तिकडे मामीचा पाय तालात हलत होता. मी पाहिलं ते तिने पाहिलं, आणि पाय थांबला.

गाणं संपायच्या आत दाराची बेल वाजली. भंगारवाला.

"वहिनी, फ्रीज न्यायचाय ना?"

"फ्रीज कुठला? तो चालू आहे, दिसत नाही?" मामी म्हणाली. "या इकडे. पलंगाखाली खोकी आहेत, ती सगळी उचला."