रिकाम्या कॅरेटचं पान

अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं तासिका तत्त्वावर पुस्तपालन शिकवलं. संगणकावरचा हिशेब शिकवायचा तर विकतचं सॉफ्टवेअर कॉलेजला परवडत नव्हतं. म्हणून मी एक मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. कुणीही फुकट वापरावं, उघडून पाहावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं, असं ते होतं. ते लिहिणारे लोक निरनिराळ्या देशांत बसलेले, बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती. पण त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती आणि माझ्या वर्गातल्या मुली पहिल्याच पानावर अडायच्या. तेव्हा मी ती मराठीत लिहायला घेतली.

पुढे नवऱ्याची बदली अमरावतीला झाली आणि माझे तास सुटले. पुस्तिका मात्र सुटली नाही. सकाळी डबे भरून झाले की परिभाषा कोश घेऊन बसायचं, एकेक पान लिहायचं. दोन वर्षांनी काम संपलं. ज्या दिवशी त्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर भाषांच्या यादीत ‘मराठी’ हा शब्द दिसला, त्या दिवशी मी शेजारच्या तिन्ही घरी पेढे वाटले. कशाचे पेढे, हे मला कुणालाच नीट सांगता आलं नाही.

काही महिन्यांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती अंजनगाव सुर्जीची. तिच्या घरी केळी आणि संत्र्यांची आडत. वडील आजारी पडल्यावर दुकानाचा संगणक आणि त्यातलं हेच सॉफ्टवेअर तीच सांभाळायची. आता तिचं लग्न होऊन ती तेल्हाऱ्याला गेली होती आणि संगणक तिच्या आईच्या गळ्यात पडला होता.

“मॅडम, अम्मीले तुमचंच पुस्तक छापून देल्लं,” ती म्हणाली. “पन तिले काईच समजून नाई राहिलं. ती म्हंते, लिवनारीलेच बोलाव.”

मला मनातून बरंच वाटलं. आपण जाऊ, समजावून सांगू, असा विचार करून मी दुसऱ्याच आठवड्यात अंजनगावची एसटी धरली.

दुकानात तिची आई गादीवर बसली होती. डोक्यावर ओढणी, नाकावर चष्मा, पुढ्यात माझी पुस्तिका. माणसं येत होती, हमाल घड मोजत होते आणि बाई एकीकडे त्यांच्याशी बोलत दुसरीकडे वहीत लिहीत होत्या. सगळे त्यांना भाभी म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी मला चहा दिला आणि पुस्तिका उघडून एक वाक्य मोठ्यानं वाचलं. त्यात मी ‘विकलन’ आणि ‘समाकलन’ असे दोन शब्द वापरले होते.

“हे काय हाय, मॅडम?”

“विकलन म्हणजे नावे. समाकलन म्हणजे जमा.”

“मंग नावे अन् जमा लिवाले काय झालं होतं?”

गादीशेजारचा हमाल हसला. मी काहीतरी उत्तर देऊ लागले, की शासकीय परिभाषा अशी आहे, एकसारखेपणा असावा लागतो. भाभींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचं बरोबर असंन. पन हे मराठी कोन्या गावचं हाय? आमच्या घरात दोन भाषा चालतात, मले दोनीत नाई समजलं.”

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. दोन वर्षांचं काम होतं ते. दर्यापूर येईपर्यंत मला राग आला होता आणि अमरावती येईपर्यंत तो ओसरून नुसती लाज उरली होती. मी शिकवलेल्या मुलींसाठी पुस्तिका लिहायला घेतली होती आणि लिहिताना त्याच डोळ्यांपुढून गेल्या होत्या.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा अंजनगावला गेले. या वेळी शिकवायला नाही. सकाळपासून बाजार उठेपर्यंत भाभींच्या बाजूला बसले आणि लोक कोणत्या कामाला काय म्हणतात ते लिहून घेतलं. येणं, देणं, तोलाई, हमाली, घट. असे मी बारा-तेरा सोमवार गेले. सगळी पुस्तिका नव्यानं लिहिली. प्रत्येक पान आधी भाभींना वाचून दाखवायचं, त्यांनी “हं” म्हटलं की पुढचं. त्यांचा “हं” सहज मिळत नसे.

त्या सोमवारांतच मला त्यांची दुसरी वही दिसली. हिरव्या पुठ्ठ्याची, बारीक अक्षरांनी भरलेली.

“ही कशाची?”

“कॅरेटची. पैशाचा हिशोब तुमची मशीन ठेवते. रिकाम्या कॅरेटचा कोन ठेवंन?”

माल प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये जायचा. आपलं ओळखू यावं म्हणून प्रत्येक आडतीचा त्यावर आपला रंग. कॅरेट चांदूर बाजारला जायचे, परतवाड्याला जायचे, कधी परत यायचे, कधी कमी यायचे, कधी भलत्याच रंगाचे यायचे. भाभींच्या मते आडतीतली निम्मी भांडणं पैशांची नसून कॅरेटची होती. आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी जागाच नव्हती.

मी सॉफ्टवेअरचं काम पाहणाऱ्या परदेशातल्या एका गृहस्थांना लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. ही गरज फारच स्थानिक दिसते, ती सगळ्यांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसणार नाही.

मी तोवर कोडची एक ओळही लिहिली नव्हती. मी पुस्तपालनाची बाई, माझं काम शब्दांचं. पण ‘स्थानिक’ हा शब्द मला लागला. मी शिकायला सुरुवात केली. चाळीशी उलटलेल्या बाईनं पाटी-पुस्तक घेऊन पहिलीत बसावं तसंच ते होतं. एक स्वल्पविराम चुकला की सगळं अडून बसायचं. चार महिन्यांनी माझं कॅरेटचं खातं चालू झालं. मी ते लॅपटॉपवर घेऊन अंजनगावला गेले आणि भाभींपुढे ठेवलं.

त्यांनी वही उघडून एक नोंद सांगितली. “पंचवीस गेले. बावीस आले.”

मी आकडे भरले. पडद्यावर आलं, तीन बाकी.

“चुकलं,” भाभी म्हणाल्या.

“पंचवीसातून बावीस गेले, भाभी. तीनच.”

“बावीसातले दोन दुसऱ्याच्या रंगाचे हायेत. आपले पाच बाकी, अन् परके दोन आपल्यापाशी. ज्याचे हायेत तो आला तं त्याले काय देईन तुमची मशीन?”

मी लॅपटॉप मिटला. घरी येऊन सगळं पुन्हा लिहिलं. मग दोघींनी मिळून त्याचं माहितीचं पान तयार केलं. भाभी बोलायच्या, मी लिहायची. कुठं मी पुस्तकी वाक्य घातलं की त्या हात वर करायच्या. “हे काढा. सीधा सांगा, कॅरेट गेलं, कॅरेट आलं, कोनाचं आलं.” पान तयार झालं तेव्हा त्यात नऊ वाक्यं आणि तेच पंचवीस कॅरेटचं उदाहरण होतं. मी त्याचं इंग्रजी केलं आणि कोडसोबत पाठवून दिलं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की कोडमध्ये सुधारणा हव्यात, पण हे पान वाचल्यावर गरज काय आहे ते त्यांना पहिल्यांदा कळलं. त्याखाली एका अनोळखी माणसाचा मजकूर होता. तो कुठल्याशा थंड देशात काचेच्या बाटल्यांतून दूध विकत होता. त्याच्याही बाटल्या दुसऱ्यांच्या बाटल्यांत मिसळून येत आणि तोही वेगळी वही ठेवत होता. हे लवकर घ्या, अशी त्यानं विनंती केली होती.

मी ते भाभींना फोनवर वाचून दाखवलं.

“त्यालेबी वही ठेवा लागते?”

“हो.”

“त्याले सांगा, परक्या बाटलीचा रंग लिवून ठेवत जाय. नाईतं पस्तावशीन.”

मी ते तसंच्या तसं कळवलं. पुढच्या आवृत्तीत कॅरेटचं खातं आलं आणि त्या पानाखाली लिहिणाऱ्यांत माझ्या आधी भाभींचं नाव आलं. ते मीच तसं द्यायला सांगितलं होतं. लेकीनं तेल्हाऱ्याहून येऊन आईला ते पडद्यावर दाखवलं. भाभींनी चष्मा पुसला, नाव वाचलं आणि म्हणाल्या, “गावाचं नाव काहून नाई?” मग आम्ही गावाचंही नाव घातलं.

यंदा दिवाळीआधी मी अकोल्याला माहेरी गेले होते. डाळ घ्यायला एका डाळमिलच्या विक्रीच्या खिडकीशी थांबले, तर आत म्हाताऱ्या मुनीमजींच्या टेबलावर आमची पुस्तिका. झेरॉक्स काढलेली, कोपरे मऊ पडलेली, समासात पेन्सिलीनं खुणा. मी टक लावून पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

“हिशोबाचं पुस्तक हाय, बाई. चांगलं हाय. यातलं एक पान तं आमच्याच कामाचं. त्याईनं कॅरेटचं लिवलं, आमी बारदान्याले वापरतो. पोतं गेलं, पोतं आलं, कोनाचं आलं. समजून सांगू काय?”

मागं रांग होती. तरी मी “सांगा” म्हटलं.

मुनीमजींनी ते पान उघडलं आणि बोट ठेवत ठेवत नऊही वाक्यं मला नीट समजावून सांगितली. शेवटी म्हणाले, “एकच खोट हाय. पोतं फाटून आलं तं काय कराचं, ते नाई लिवलं.”

मी पर्समधून कागद काढला आणि फाटलेल्या पोत्याचं ते काय करतात, ते विचारून लिहून घेऊ लागले.