अण्णांचा चिमटा आणि जास्वंदीवरचे पाहुणे

भिवंडीतल्या एका शाळेत अण्णांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. अंडी, अळी, कोष, पूर्ण कीटक, या चार अवस्था ते फळ्यावर डोळे मिटून काढत. वर्गात कुणी "माहीत नाही" म्हणालं की त्याला बाकावर उभं करत. एवढे कडक! तर या कडक माणसाची काय शोभा झाली ते ऐका.

अण्णांच्या पत्नी विद्युल्लताबाई अदितीच्या, म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाल्या. रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "अहो, माझ्या जास्वंदीला जपा. आणि औषध मारायचं नाही हं, फुलं देवाला जातात." जवळच्या कोन गावी त्यांच्या आईच्या अंगणात जी जास्वंद होती, तिचीच ही फांदी. आई गेली, अंगणावर गोदाम उभं राहिलं, उरली ती एवढीच. ही वाळली तर बायकोला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं अण्णा दिवसातून चारदा झाडापाशी जाऊन यायचे.

आणि आठव्या दिवशी कोवळ्या शेंड्यांवर मावा, ती रस शोषणारी बारीक कीड! काळा, चिकट, खच्चून भरलेला. अंजूर गावाहून दारावर भाजी घेऊन येणाऱ्या आनंदीबाई म्हणाल्या, "मास्तर, घाबरायचं न्हाय. शेपूच्या फुलावर ढालकिडं येतात, लाल, पाठीवर ठिपकं. मावा खाऊन टाकतात." दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलावर आलेली शेपू मुळासकट आणून दिली. अण्णांनी ती डब्यांत लावली आणि समोर खुर्ची टाकून बसले.

चार-पाच लाल किडे आले. अण्णा हरखले. पण थोड्याच दिवसांत पानांवर भलतीच ब्याद दिसली. काळपट, लांबट, काटेरी, तुरुतुरु पळणारी. अण्णांचं डोकंच फिरलं. चष्मा चढवला, बायकोचा भुवयांचा चिमटा शोधला आणि एकेक प्राणी उचलून साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकायला लागले. रोज सकाळ-संध्याकाळ. "आज चौदा मारले!" असा पुण्याला फोनही जायचा. मावा मात्र वाढतच गेला. शेंडे वळले, कळ्या गळाल्या.

एकदा आनंदीबाईंनी त्या वाटीत डोकावून कपाळावर हात मारला. "अवो मास्तर, ही तर ढालकिड्यांचीच पोरं हाईत! मावा खरा हीच खातात. तुमाला म्हाईत न्हाय?"

अण्णांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. अवस्था क्रमांक दोन, अळी! 'शाब्बास रे गाढवा,' ते स्वतःलाच म्हणाले, 'चढ बाकावर.' वाटीकडे बघून त्यांना खरंच रडू आलं. चिमटा मुकाट कपाटात गेला.

विद्युल्लताबाई परतल्या त्या बॅग हातात घेऊनच जास्वंदीपाशी गेल्या. अर्धे शेंडे वाळलेले. पण खालून स्वच्छ नवी पालवी फुटलेली आणि एक कळी. पानाखाली नारिंगी गाठ दिसली म्हणून त्यांनी बोट पुढे केलं.

"नको! कोष आहे तो!" अण्णा ओरडले. मग त्यांनी सगळा गुन्हा कबूल केला.

"इतकी वर्षं शिकवलंत," बाई म्हणाल्या, "आणि ही अळी कधी बघितलीच नव्हती?"

"नाही गं. पुस्तकात होती तशी काढायचो."

बाईंनी कळीवरून हात फिरवला, बॅग खाली ठेवली आणि आतून दुसरी खुर्ची आणली. थोड्या वेळानं कोष उकलला. पिवळा फिक्कट किडा बाहेर आला, पाठ कोरी.

"याचे ठिपके कुठायत हो?"

"माहीत नाही," अण्णा म्हणाले. "बघूया."