तात्यांच्या अर्जाला जबाबदार कोण

सरकारला जाब विचारणारा आमच्या घराण्यातला पहिला माणूस मी. सरकारनं तो जाब दिलाही. तेव्हापासून आमच्या घराण्यात पुन्हा कुणी विचारलेला नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं आणि मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. (आण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा चढले होते, पण खांद्यावर गुळाची ढेप होती आणि ती मेसमध्ये पोचवायची होती.) त्यामुळं निकालानंतर मी जरा चेकाळलोच. दारावर माझं नाव बी.ए.सकट रंगवून घेतलं. गिरणीत जाणाऱ्या जोंधळ्याच्या डब्यावर घातलं, म्हणजे पीठ बदलायला नको. चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेत खाली बाळगोपाळांची नावं असतात, तिथं चिंगी, पप्पू, सोन्या आणि चौथा मी, पदवीसकट! छापखानेवाल्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो.

नोकरी तेवढी नव्हती. अर्ज चालू होते.

घरात आणखी एक माणूस होता, ते म्हणजे तात्या, आण्णांचे थोरले भाऊ. तात्या गुऱ्हाळावरचे नावाजलेले गुळवे होते. काहिलीत रस उकळत असताना नुसत्या फेसाकडं बघून 'उतरा' म्हणायचे, आणि त्यांनी 'उतरा' म्हटल्यावर मालकसुद्धा उलट बोलत नसे. एका हंगामात चरकात ऊस घालणारा गडी आला नाही म्हणून तात्या स्वतः बसले, आणि उसाबरोबर उजवा हात कोपरापर्यंत गेला. काहील उतरवायला दोन हात लागतात. पुढच्या हंगामापासून गुऱ्हाळावरची बोलावणी बंद झाली. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. तात्या आमच्यात जेवायचे. जेवणाबद्दल कुणी कधी काही बोललं नाही, पण तंबाखूच्या पुडीसाठी धाकट्या भावाकडं बघावं लागलं की तात्यांचा चेहरा उतरायचा. एकदा ते आईला म्हणाले, "वैनी, येकच हात ऱ्हायलाय. त्यो बी धाकट्याफुडं पसरायचा व्हय?"

त्याच सुमारास सरकार निराधार आणि अपंग माणसांना दरमहा पैसे देतंय अशी बातमी गल्लीत आली. आमच्याकडं त्याला सरळ 'पगार' म्हणायचे. पगार म्हटल्यावर तात्या ताठ बसले. सरकारचा पगार म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत. अर्ज भरायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. गल्लीतल्या हायस्कूल मास्तरांनी 'मी भरू का?' म्हणून विचारलं होतं. घरात पदवीधर असताना बाहेरचा माणूस? मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आधी दाखला लागत होता. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तात्यांचा हात (म्हणजे नसलेला) तपासला आणि पासष्ट टक्के अपंगत्व लिहून दिलं. तात्यांनी आकडा विचारून घेतला आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाला. मला बी.ए.ला एकोणपन्नास टक्के होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं पुढं आठ दिवस लोक तात्यांचं अभिनंदन करायचे आणि माझ्याकडं बघून गप्प बसायचे.

मग मी अर्ज भरला. टाक आणला, निळीकाळी शाई आणली, पाटावर बसून भरला. एकही रकाना मोकळा सोडला नाही. रकाना मोकळा सोडणं हे अडाणी माणसाचं लक्षण, असं माझं मत होतं. आण्णा बाजूला उभे राहून बघत होते, जसं काही मी ताम्रपट कोरत होतो.

अर्ज कचेरीत गेला आणि तिथंच राहिला. (कुठली कचेरी ते सांगत नाही. ज्यांनी कुठल्याही कचेरीत कधी अर्ज दिला असेल, त्यांना ती आपलीच वाटेल.) दर सोमवारी तात्या दाढी करून, धुतलेला पटका बांधून निघायचे आणि मी बरोबर. कधी साहेब दौऱ्यावर असायचे. कधी फाईल वर गेलेली असायची, तर कधी ती खाली यायला निघालेली असायची. कारकून सोनेरी काडीचा चष्मा घालणारे, अतिशय मऊ बोलणारे गृहस्थ. आठव्या महिन्यात ते मऊपणे म्हणाले की दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना झाला, नवा आणावा लागेल. तात्यांनी आपल्या रिकाम्या बाहीकडं बघितलं आणि मला म्हणाले, "बरोबर हाय त्यास्नी. मधल्या काळात उगवला का काय, बघाय पायजे."

आम्ही नवा दाखला आणला. तोही पासष्टच टक्के.

पण त्या दिवशी माझ्यातला पदवीधर पेटला. राज्यशास्त्र हा माझा विषय. शासन जनतेला उत्तरदायी असतं, हे मी परीक्षेत चार पानं लिहून आलो होतो. महिन्यातून एकदा कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायला वरचे मोठे साहेब यायचे. मी गल्लीत जाहीर केलं की या वेळी मी सरकारला जाब विचारणार.

आमच्या गल्लीत एकट्यानं कुठं जायची पद्धत नाही. कुस्ती बघायला असो, मुलगी बघायला असो, चप्पल घ्यायला असो, किमान सात-आठ माणसं लागतातच. सरकारला जाब म्हटल्यावर अख्खी गल्ली गुळाच्या ट्रकमध्ये बसली. कल्हईवाले बाबूभाई दुकान बंद करून आले. चावीवर, म्हणजे गल्लीतल्या नळावर, सगळ्यांचं पाणी सांभाळणाऱ्या हौसाक्का आल्या. आई आली, आण्णा आले, अर्धा दिवस रजा टाकून मास्तर आले. हलगीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो आपणहून आला. कचेरीच्या दारात त्यानं जी हलगी कडाडवली, ती ऐकून आतले दोन कारकून मागच्या दारानं चहाला गेल्याचं नंतर कळलं.

मोठे साहेब वयानं बेताचे, शांत. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मी बसलो नाही. मी भाषण पाठ करून आलो होतो. लोककल्याणकारी राज्य म्हणजे काय, इथपासून सुरुवात केली. दप्तर दिरंगाईवर आलो. दिव्यांवर राख साचावी तशा फायली साचतात, असं काहीतरी म्हणालो (दिव्यावर राख का साचेल, हे मला आजही सांगता येणार नाही). तात्यांना उभं करून रिकामी बाही दाखवली. गल्ली डोळे पुसत होती. मग मी टेबलावर हात ठेवून शेवटचा घाव घातला.

"साहेब, नऊ महिने या अपंग माणसाचा अर्ज अडलाय. याला जबाबदार कोण? आम्हाला नाव पाहिजे. नाव कळल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही."

मागून हलगीची एक थाप पडली.

असल्या वेळी साहेब लोक 'चौकशी करतो' म्हणतात आणि आपण हार घालून घरी येतो. हे साहेब नवे असावेत. त्यांनी खरोखरच फाईल मागवली. चष्मेवाल्या कारकुनांनी ती आणली, उघडली, आणि त्याच मऊ आवाजात वाचली.

"रकाना अकरा. अर्जदाराचा सांभाळ करण्यास समर्थ असा मुलगा अगर पुतण्या आहे काय? उत्तर, होय." ते थांबले, चष्मा सारखा केला आणि पुढं माझं नाव वाचलं. आडनावासकट, बी.ए.सकट.

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही नाव मागितलंत. हेच का?"

आता खरं सांगायचं तर तिथं 'नाही' लिहायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. त्या प्रश्नात पुतण्या हा शब्द होता आणि 'समर्थ' हाही शब्द होता. घराण्यातल्या पहिल्या पदवीधराला याहून सुंदर रकाना सरकारनं आजवर दिला नव्हता. सांभाळणारा समर्थ पुतण्या असेल तर माणूस निराधार धरत नाहीत. अर्ज वर गेला की वरून 'पुतण्या समर्थ आहे' असा शेरा घेऊन खाली यायचा. नऊ महिने तो माझ्याच अक्षरात वर-खाली हिंडत होता. ("अक्षर मात्र सुरेख आहे," असं कारकून म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हेच वाईट.)

मी सांगितलं की मला नोकरी नाही. साहेब म्हणाले, मग सोपं आहे. पुतण्या काही कमावत नाही, सांभाळायला असमर्थ आहे, असा पंचनामा करू. पंच म्हणून शेजारची पाच माणसं लागतील.

पंच शोधायला कुठं जायचं नव्हतं. मी स्वतःच ट्रकभर आणले होते.

आजवर आमच्या गल्लीत साक्ष द्यायला माणूस मिळायचा नाही. त्या दिवशी रांग लागली. कारकुनांनी विचारलं, हा काय काम करतो. हौसाक्का रांगेत नव्हत्या, तरी पुढं आल्या.

"काम? चावीला पानी आलं तरी उठून घागर भरंना, ह्यो चुलत्याला सांभाळतोय व्हय?"

बाबूभाई दयाळू माणूस. त्यांनी आधी मी स्वभावानं चांगला असल्याचं सांगितलं आणि मग सावकाश मुद्द्यावर आले. "साहेब, आठ दिस दुकानात बसीवला हुता, भाता हालवाय. पातेली काळी ती काळीच ऱ्हायली आन् गिऱ्हाइकास्नी ह्यो फ्रान्सच्या राजाचं काय झालं ते सांगत बसला."

मास्तरांनी मी कुठल्या विषयात किती वेळा बसलो ते तारीखवार सांगितलं. कारकून भराभर लिहीत होते. मी मध्येच 'एवढं लिहायची गरज नाही' असं म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले की पुरावा जितका भक्कम तितकं बरं. मग त्यांनी आईला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी आशेनं आईकडं बघितलं. आई पदर सावरून म्हणाली, "जेवतोय चांगला."

तेही लिहून घेतलं.

कागद सहीपर्यंत आला तेव्हा तात्या उठले. इतका वेळ ते भिंतीला टेकून मान खाली घालून बसले होते.

"थांबवा साहेब. नगं मला पगार. माजा अर्ज फाडून टाका."

साहेबांनी विचारलं, का?

"पोरगं आमचं वाया गेल्यालं न्हाई. साऱ्या पेठंत नाव हाय त्याचं. मी त्याच्याच जिवावर हाय, आसं ल्ह्या."

कारकुनांची लेखणी थांबली. अर्जदार स्वतःच असं सांगतोय म्हटल्यावर प्रकरण तिथंच संपलं असतं. मला सगळ्यांदेखत समर्थ ठरवून तात्या घरी येणार होते, आणि उद्या सकाळी पुडीसाठी पुन्हा आण्णांच्या तोंडाकडं बघणार होते. हलगीवाल्यानं हलगी काखेत धरली.

मग मी बोललो. पाठ केलेलं काही नव्हतं. "तात्या, आजपतूर मी तुमास्नी काय आणून दिलंय? येक गोष्ट सांगा. येक सांगितली की मी ह्यो कागद फाडतो."

तात्या विचार करू लागले. प्रामाणिक माणूस, खरोखरच विचार करू लागले. त्यांनी छताकडं बघितलं, दाराकडं बघितलं, पटका काढून पुन्हा डोक्यावर ठेवला. गल्ली वाट बघत होती, साहेब वाट बघत होते. खोटं कशाला सांगू, मीही वाट बघत होतो. मला वाटलं होतं, एखादी तरी गोष्ट निघेल.

बऱ्याच वेळानं तात्या म्हणाले, "पेपर वाचून दावतोस की."

"त्यो बी बाबूभाईच्या दुकानातला," मी म्हणालो.

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला आणि दुसऱ्या हातानं कागद पुढं सरकवला. तात्या खाली बसले. मी सही केली. 'असमर्थ' या शब्दाच्या बरोबर खाली जागा होती.

दोन महिन्यांत पगार सुरू झाला. पोस्टमन गल्लीत शिरला की तात्या पटका बांधून उंबऱ्यावर बसायचे, अंगठा उठवायचे आणि स्वतःच्या पायांनी पुडी आणायला जायचे. आण्णांच्या मुलांना गोळ्या आणायचे. (त्या मुलांत मीही धरला जायचो.) माझे नोकरीचे अर्ज चालूच होते. त्यांची पाकिटं, तिकिटं, मुलाखतीला जायचं एस.टी.चं भाडं हे सगळं हळूहळू तात्यांच्या पगारातून निघू लागलं. मुलाखतीला घालायच्या बुटांचे तळवेही त्यांनीच बसवून दिले.

वर्षानं कचेरीतून फेरतपासणीचं बोलावणं आलं. तेच चष्मेवाले कारकून, तोच मऊ आवाज. तात्या हयात आहेत, हात अजून आलेला नाही, हे सगळं बघून झाल्यावर त्यांनी शेवटचं विचारलं, अर्जदारावर अवलंबून असलेली कुणी व्यक्ती आहे काय?

"हाय की," तात्या म्हणाले. "ह्यो पुतण्या."

कारकुनांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि बरोबर का, असं विचारलं. मी मान हलवली. सरकारदप्तरी आमच्या घराबद्दल झालेली ती पहिली बिनचूक नोंद.