बाबांची पाळी

पेटीतून बाबांचा कोट काढला आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. नाताळच्या सकाळी सक्करदऱ्याच्या आमच्या चर्चमध्ये हाच वास असायचा, वर्षातून एकदा बाहेर निघालेल्या कोटांचा. तारणारा सगळ्या लोकांसाठी जन्मला, ही बातमी तिथं प्रत्येक घरातला एकजण उभा राहून आपापल्या बोलीत सांगायचा. कुणी तेलुगूत, कुणी मल्याळममध्ये, आणि आमच्याकडून बाबा, अस्सल नागपुरीत.

एका वर्षी नाताळ आला तोवर घशाच्या कॅन्सरनं त्यांचा आवाज गेला होता. आई कुजबुजली, "तुम्ही बसा न जी, पोरगी सांगून देते." तरी ते उठले. ओठ हलत राहिले, आवाज काही फुटला नाही. सगळं चर्च थांबलं होतं. ते बसले तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "ऐकलं जी भाऊ, आम्ही सारं ऐकलं."

मला वाटलं, आता बाबा बरे होतात. म्हातारीला ऐकू आलं, मग देवाला येणारच. उन्हाळा लागायच्या आत ते गेले.

उद्या नाताळ. आमच्या घरातून आता मी एकटीच उरले आहे. माझा आवाज ठणठणीत आहे, शब्दही पाठ आहेत. मघाशी पाळकांना फोन केला आणि म्हटलं, यंदा आमच्या घराची पाळी सोडून पुढे जा.