मागच्या बंपरवरचं रबर

आमच्या ह्यांचा जीव दोनच गोष्टींत होता: धाकट्या बहिणीत आणि टॅक्सीच्या बंपरांत. आणि मी? मला कोण विचारतंय!

एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. आम्ही कोपरगावला राहायचो. सासू-सासरे दोघंही लवकर वारलेले, त्यामुळे वन्संचं लग्न ह्यांच्याच अंगावर. केडगावचं स्थळ जमलं तेव्हा ह्यांनी बहिणीला शब्द दिला, "बाबा असते तर जशी पाठवली असती तशीच पाठवीन तुला. चकचकीत गाडीतनं." मग स्वतः चालवायचे त्या जुन्या टॅक्सीच्या दोन्ही बंपरांना नवं निकल चढवून आणलं. त्यांत तोंड बघावं असे झाले. पण लग्न उन्हाळ्यात, आणि तोवर कारखान्याचा सीझन. उसाच्या गाड्यांची धूळ, मळीचे शिंतोडे. निकल टिकायचं कसं?

नगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ह्यांनी एक डबा आणला. आत काळं, पातळ रबर. पंपानं फवारायचं, वाळलं की त्याचं कातडं धरतं, आणि काम झालं की सोलून टाकायचं. थर जाड द्या, असं दुकानदारानं बजावलं होतं. पुढच्या बंपरला ह्यांनी जाड दिला. मागच्याला येईतो डबा तळाला गेलेला. मग काय केलं असेल? पाहुणे वाढले की आपण ताकात पाणी ओततो ना, तसं उरलेल्या रबरात पेट्रोल ओतलं! मी म्हटलं, "अहो, असं चालतं का?" तर म्हणे, "तू तुझा स्वयंपाक बघ." माझा ढेकणांच्या औषधाचा पंप मात्र कायमचा चोंदला, त्याबद्दल अवाक्षर नाही.

रबरानं सीझन काढला हो, खोटं कशाला बोलू. हळद होती त्या दिवशी सकाळी हे सोलायला बसले. पुढचं रबर एका टोकाला धरून ओढलं, तर दुधावरची साय निघावी तसं अख्खं निघालं. आत निकल नवंकोरं. हळद दळायला आलेल्या बायका जातं सोडून बघायला धावल्या. हे असे मिरवत होते, जणू नवरदेव हेच.

मागचं मात्र हटेना. पातळ थर उन्हानं भाजून निकलाला घट्ट बसलेला. नखानं ओढलं की नुसती कणी हातात यायची. रॉकेल लावून झालं, गोडेतेल लावून झालं. शेवटी त्या बायकाच तेलाचे हात घेऊन बंपरभोवती बसल्या आणि जात्यावरची गाणी तिथंच म्हणायला लागल्या. संध्याकाळपर्यंत वीतभर निघालं, बाकी सगळं काळंच. हे हातातलं फडकं खाली ठेवेनात. जेवलेसुद्धा नाहीत. मला लई राग आला, आणि रागापेक्षा जास्त माया आली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी आम्ही सगळ्या बायका रडत होतो. हे कोरडेच. मांडवाबाहेर गाडीमागं बसून फडक्यानं बंपर घासत होते. वन्सं पदर सावरत तिथं गेल्या आणि ह्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या.

"दादा, उठ की आता."

"शब्द दिल्ता गं तुला. आन ह्ये बग काय झालं."

"केडगावची मानसं पुढनं बगतील. गाडी निघाल्यावर मागचा बंपर आपल्याच मानसांना दिसायचा हाय." वन्संनी बंपरवर हात ठेवला. "ह्यो असाच राहू दे. पाचपरतावनाला माहेरी येईन तवा आपन दोगं सोलू. तवा न्हाई निघालं तर दिवाळीला. मला यायला काय तरी कारन नको व्हय?"

झालं! हे तिथंच धुळीत बसले आणि फडक्यात तोंड घालून ओक्साबोक्शी रडले. आईबाप दोन्ही होऊन वाढवली होती हो तिला.

मग उठले, तोंड धुतलं, स्टिअरिंगवर बसले. नवरदेवाकडची माणसं घाई करत होती, पण केडगावपर्यंत ह्यांनी गाडी काही जोरात चालवली नाही.