मर्लची अडकलेली भिंत

मर्ल त्वेट आयुष्यभर नॉर्थ डकोटात धान्याच्या कोठारावर यंत्रं सांभाळायचा. पट्टा तुटला, मोटार जळली, तरी मर्ल येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही असा त्याचा दरारा. निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने, आर्लिसने, घर विकलं, बसएवढी मोठी गाडी घेतली आणि त्या गाडीतच संसार थाटला. उन्हाळ्यात उत्तरेला, हिवाळ्यात इथे ॲरिझोनाच्या वाळवंटात. सहा हिवाळे माझा राहायचा छोटा ट्रेलर त्यांच्या शेजारी उभा असायचा. मी डेला. चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, पण गाडीच्या पोटात काय असतं ते मला मर्लनेच दाखवलं.

चाकांवरच्या घरात आठवड्याला काहीतरी मोडतंच. कुणी कुरकुर केली की मर्ल म्हणायचा, "तुझं विटांचं घर महामार्गावर साठच्या वेगाने पळवून बघ, मग बोलू."

चौथ्या हिवाळ्यात त्याचे हात थरथरायला लागले. आधी हातातून स्क्रू निसटायचे, मग पाना धरवेना. पुढे जीभही जड झाली. मग आर्लिस गाडीखाली शिरायची आणि हा खुर्चीत बसून सांगायचा.

"डावीकडे फिरव."

"फिरवलं."

"ते उजवं झालं, आर्लिस."

"मी उताणी पडलेय, मर्ल. इथे सगळंच उलटं आहे."

सहाव्या वर्षी, मार्चच्या शेवटी, आमची सगळ्यांची निघायची वेळ झाली. त्वेटांच्या गाडीला एक सरकती खोली होती. मुक्कामाला पोचलं की बटण दाबायचं, गाडीची एक बाजू खोलीसकट हातभर बाहेर सरकायची, आत पलंगाभोवती फिरायला जागा व्हायची. निघताना परत आत घ्यायची. त्या सकाळी आर्लिसने बटण दाबलं. भिंत ओढणारी मोटार घरघरली आणि गप्प झाली. भिंत बाहेरच. तशी गाडी रस्त्यावर काढताच येत नाही.

आर्लिसने रुबेनला फोन केला. वाळवंटात फिरून गाड्या दुरुस्त करणारा तो एकटाच, आणि त्याच्यामागे पन्नास गाड्या. आठव्या दिवशी आला. मोटार गेलीय म्हणाला. गाडी बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे मोटार कुठल्याशा गोदामातून मागवावी लागली. बारा दिवसांनी ती आली, तर दुसऱ्याच बाजूच्या खोलीची. परत पाठवली. तोवर आमच्या ओळीतल्या गाड्या एकेक करून निघून गेल्या होत्या. जाताना प्रत्येक जण आर्लिसला मिठी मारायचा, उरलेली कॉफी, शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या देऊन जायचा. "लवकरच होईल गं," म्हणायचा. मी तेवढी थांबले. मला कुठे जायची घाई नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांना तसं टाकून जाणं जमेना.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा एकशे चार फॅरनहाइटवर गेला. गाडीतला थंड हवेचा पंखा दुपारी मान टाकायचा. आर्लिस ओला टॉवेल मर्लच्या मानेवर ठेवायची आणि दर तासाला बदलायची.

दुसरी मोटार आली त्या दिवशी रुबेन सकाळी सातलाच हजर झाला. मर्ल खुर्ची ओढत त्याच्याजवळ गेला आणि काहीतरी बोलला. जीभ अडखळत होती. रुबेनला कळलं नाही.

"आजोबा, तुम्ही सावलीत बसा," तो प्रेमाने म्हणाला. "मी बघतो सगळं."

मर्लने पुन्हा प्रयत्न केला. मी आणि आर्लिस जवळच होतो. मला एवढंच ऐकू आलं, "दांडा... आधी दांडा."

"दांडा बघ म्हणतोय," मी रुबेनला सांगितलं.

"बघितलाय, बाई. दांडा ठीक आहे."

मी पुढे काही बोलले नाही. ते मला अजून सलतं. रुबेनने मोटार बसवली, बटण दाबलं. भिंतीचं पुढचं टोक सरसर आत आलं, मागचं जागच्या जागी राहिलं. कडाड असा आवाज झाला. दोन्ही टोकांना जोडणारा दांडा आतल्या आत तुटलेला होता. आता भिंत तिरकी होऊन पक्की रुतली, वरची रबरी पट्टी फाटली आणि फटीतून आकाश दिसायला लागलं.

रुबेन खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "माझी चूक झाली," तो म्हणाला. मर्ल त्याच्याकडे बघत होता. रागावलेला नव्हता. थरथरणारा एक हात त्याने दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

आर्लिस गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मी मागे गेले. ती रडत नव्हती.

"तो सांगत होता, डेला," ती म्हणाली. "तो बरोबर सांगत होता आणि मीसुद्धा ऐकलं नाही. मला वाटलं, उन्हाने बरळतोय."

दांडा कुठेच मिळेना. एक मेपासून गाड्यांच्या तळावरचं पाणी बंद होणार होतं. शेवटी रुबेन दोन जॅक आणि त्याचा भाऊ घेऊन आला. दिवसभर खपून त्यांनी इंचाइंचाने भिंत आत रेटली आणि परत हलू नये म्हणून आतून जाड फळ्या ठोकल्या. रुबेनने त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. पण ती खोली कायमची मिटली. पलंग भिंतीआड गेला. मर्लला स्वयंपाकाच्या टेबलाजवळच्या बाकड्यावर, पाय मुडपून झोपावं लागलं.

आर्लिसने गाडी उत्तरेला नेली, मी मागोमाग. सहा दिवस लागले. वाटेत युटात पाऊस लागला, फाटक्या पट्टीतून पाणी आलं, आम्ही पेट्रोल पंपाच्या छपराखाली थांबून चिकटपट्ट्या लावल्या. मर्ल आतून सांगत होता कुठे लावायच्या. या वेळी आम्ही दोघी एकेक शब्द दोनदा विचारून घेत होतो.

नॉर्थ डकोटात, फार्गोला त्यांच्या मुलीच्या, जोलीनच्या, अंगणात गाडी लागली. जोलीनने खालची खोली तयार ठेवली होती, नवी गादी, न्हाणीघरात धरायला दांडे. मर्लने नकार दिला. "माझं घर आहे," म्हणाला आणि बाकड्यावर झोपला. आर्लिसही मग समोरच्या खुर्चीत. जोलीन रोज जेवण घेऊन पायऱ्यांशी उभी राहायची. मी चार दिवस राहिले आणि माझ्या बहिणीकडे निघून गेले.

ऑक्टोबरमध्ये आर्लिसचा फोन आला. तिकडे पहिलं बर्फ पडलं होतं.

"तो आत आला," ती म्हणाली.

"कुणी समजावलं?"

"कुणीच नाही. सकाळी उठला, बूट घालायला लागला. नाड्या बांधता येईनात, मी बांधून दिल्या. म्हणाला, चल, आत जाऊ."

"बरं झालं की गं."

मागे जोलीनच्या स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता.

"हो," ती म्हणाली. "मलाही वाटलं होतं, तो आत येईल त्या दिवशी मला बरं वाटेल."